समरी सूटचं समन्स आलंय? लीव्ह टू डिफेंड कसं मागायचं, पहिल्या दिवसापासून

कोर्टाचं समन्स हातात पडलं की बाकी काही वाचायच्या आधी दाव्याच्या नंबरच्या खाली काय लिहिलंय ते बघा. तिथे दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या ऑर्डर ३७ चा उल्लेख असेल तर हा साधा वसुलीचा दावा नाही, हा समरी सूट आहे, म्हणजे झटपट निकाली काढायचा दावा, आणि यात उत्तर द्यायचा हक्क तुम्हाला आपोआप मिळत नाही, तो कोर्टाकडे मागून घ्यावा लागतो. त्यालाच लीव्ह टू डिफेंड म्हणतात, म्हणजे बचाव करायची परवानगी. ती मागितली नाही, उशिरा मागितली किंवा मोघम मागितली तर साक्षीपुरावा न होताच हुकूमनामा (पैसे द्या असा कोर्टाचा अंतिम निर्णय, डिक्री) होतो, आणि नंतर तुमचं म्हणणं कितीही खरं असलं तरी ते ऐकवायला फार वर जावं लागतं.

मी वसुलीचे दावे लावतो पण आणि प्रतिवादीच्या बाजूने लढतो पण, त्यामुळे दोन्हीकडून काय काय चुकतं ते रोज बघतो. सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते ज्यांचा वाद खरा आहे अशी माणसं फक्त दिवस मोजायला चुकल्यामुळे हरतात तेव्हा. मागे एक छोटा व्यापारी माझ्याकडे आला, समन्स मिळून चौदा दिवस झाले होते, पिशवीत सगळे कागद व्यवस्थित, परत केलेल्या मालाची चलनं, बँकेचं स्टेटमेंट, सगळं. मला म्हणाला, साहेब तारीख तर पुढच्या महिन्यात आहे, तोवर तयारी करू ना. त्याला सांगावं लागलं की तुझे दहा दिवस चार दिवसांपूर्वी संपले. त्याचं काम पुढे झालं, उशीर माफ झाला, पण एका अर्जाऐवजी दोन अर्ज आणि नुसत्या उशिराच्या मुद्द्यावर तीन तारखा गेल्या. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय.

आधी, हा दावा ऑर्डर ३७ मध्ये बसतो का

समरी सूट कशाकशावर लावता येतो ते कायद्यात ठरलेलं आहे. हुंडी, बिल ऑफ एक्सचेंज, प्रॉमिसरी नोट (पैसे देईन असं सही करून लिहून दिलेलं वचन) यांच्यावर (चेक पण यातच येतो), लेखी करारातून निघणाऱ्या ठरलेल्या रकमेवर, एखाद्या कायद्याने ठरवून दिलेल्या रकमेवर पण दंड सोडून, आणि मूळ देणं असंच ठरलेल्या रकमेचं असेल तर जामीनदाराच्या लेखी हमीवर. ठरलेली रक्कम हा शब्द महत्त्वाचा. वादी म्हणत असेल की माझं नुकसान झालं, बाजारात नाव खराब झालं, त्याचे इतके द्या, तर ती नुकसानभरपाई झाली, तिचा आकडा पुरावा घेऊन ठरवावा लागतो, ती इथे मागता येत नाही. शिवाय दाव्यात वादीने स्पष्ट लिहावं लागतं की दावा ऑर्डर ३७ खाली आहे आणि या ऑर्डरच्या बाहेरची कुठलीही मागणी केलेली नाही. दाव्याची शेवटची पानं, जिथे मागण्या असतात, ती दोनदा वाचा. तिथे एखादी जास्तीची मागणी घुसवलेली असेल तर पहिला मुद्दा तिथेच मिळाला.

नुसत्या बिलावर दावा असेल तर माल मिळाल्याची तुमची सही बिलावर किंवा चलनावर आहे का ते बघा. सही असलेलं बिल बऱ्याचदा लेखी करार म्हणून धरलं जातं, पण वादीने स्वतःच्या कॉम्प्युटरवरून काढलेला खातेउतारा, ज्यावर तुमची सही नाही, कबुली नाही, तो वेगळा विषय आहे, त्यावर आक्षेप घ्यायला जागा असते.

पहिले दहा दिवस: हजेरी

समन्ससोबत दाव्याची आणि जोडलेल्या कागदांची प्रत मिळायला हवी. मिळाली नसेल तर ते त्याच दिवशी लिहून ठेवा, लिफाफा फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का नंतर कामाला येतो. समन्स घ्यायचंच नाही, बेलीफला (समन्स घेऊन येणाऱ्या कोर्टाच्या माणसाला) परत पाठवायचं, असा सल्ला देणारे लोक भेटतात, त्यांचं ऐकू नका. नकार दिला तर ती बजावणीच धरली जाते, आणि तुम्हाला दाव्यात काय आहे ते मात्र कळत नाही.

समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवायची. समन्स मिळालं तो दिवस सोडून मोजायचं, म्हणजे ३ तारखेला मिळालं तर १३ तारीख हा दहावा दिवस, आणि त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल तर कोर्ट उघडेल तो पहिला दिवस. समन्सवर पुढची तारीख काहीही असो, तिचा या दहा दिवसांशी संबंध नाही. इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात, कारण साध्या दाव्यात कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायला तीस दिवस मिळतात हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं.

हजेरी म्हणजे, वकिलामार्फत असेल तर वकालतनामा, आणि हजेरीचा पुरशीस किंवा मेमो (हजर झालोय असं कोर्टाला लिहून दिलेला छोटा कागद), आणि त्याबरोबर नोटिसा कुठे पाठवायच्या तो पत्ता कोर्टात दाखल करायचा. हा पत्ता विचार करून द्या. पुढचा कागद त्या पत्त्यावर ठेवला तरी बजावणी झाली असं कायदा धरतो. जुनं दुकान, बंद गोडाऊन, भाड्याची जागा जी तुम्ही सोडणार आहात, असले पत्ते देऊ नका. आणि ज्या दिवशी हजेरी लावली त्याच दिवशी वादीच्या वकिलाला लेखी कळवायचं की आम्ही हजर झालोय, हातात देऊन पोच घ्या किंवा पोस्टाने पाठवून पावती जपा. हे कळवणं बरेच जण विसरतात.

या टप्प्यावर कैफियत द्यायची नाही. परवानगी मिळाल्याशिवाय कैफियतीला काही किंमत नाही, आणि घाईत लिहिलेल्या कैफियतीत एखादी कबुली गेली तर ती मात्र तुमच्या विरुद्ध वापरली जाते.

दहा दिवसांत हजेरीच लागली नाही तर दाव्यातलं सगळं म्हणणं तुम्ही कबूल केलं असं धरून वादी थेट हुकूमनामा मागू शकतो.

मधला वेळ वाया घालवू नका

हजेरी लागल्यावर वादीला दुसरं समन्स काढावं लागतं, त्याला समन्स फॉर जजमेंट म्हणतात. त्याच्यासोबत वादीचं शपथपत्र असतं, की माझं इतकं येणं आहे आणि माझ्या मते प्रतिवादीकडे काही बचाव नाही. हे दुसरं समन्स कधी आठ दिवसांत येतं, कधी काही महिने जातात, आणि मग प्रतिवादी निवांत होतो. निवांत होऊ नका. खरी तयारी याच वेळात करायची असते, कारण ते हातात पडलं की परत फक्त दहा दिवस असतात.

या वेळात काय काय करायचं ते सांगतो. कोर्टातून सगळ्या कागदांच्या नकला काढा, वादीने प्रत दिली असली तरी, कारण दिलेल्या झेरॉक्समध्ये मागची बाजू नसते आणि प्रॉमिसरी नोटच्या किंवा चेकच्या मागच्या बाजूला बऱ्याचदा कामाची नोंद असते. बँकेकडून त्या सगळ्या काळाचं शिक्क्याचं स्टेटमेंट घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, बघत राहा. वादीशी झालेले ई-मेल, व्हॉट्सॲप, सगळं मूळ फोनमध्ये जपा, फोन बदलू नका. असा इलेक्ट्रॉनिक पुरावा पुढे दाखवायचा तर त्याला प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे.

आणि एक गोष्ट आवर्जून शोधा: दाव्याआधी वादीने नोटीस पाठवली होती का, आणि तुम्ही उत्तर दिलं होतं का. कोर्ट हे पहिलं बघतं. माल खराब होता हे जर नोटिशीच्या उत्तरात लिहिलेलं असेल तर तुमचा बचाव आत्ता रचलेला नाही हे आपोआप दिसतं. उत्तर दिलं नसेल तर का नाही दिलं ते शपथपत्रात स्वतःहून लिहा, समोरच्याने विचारायची वाट बघू नका.

दुसरे दहा दिवस: परवानगीचा अर्ज

समन्स फॉर जजमेंट मिळाल्यापासून दहा दिवसांत लीव्ह टू डिफेंडचा अर्ज आणि त्याला जोडून शपथपत्र दाखल करायचं. हे समन्स बऱ्याचदा थेट तुमच्या वकिलाकडे येतं किंवा तुम्ही दिलेल्या पत्त्यावर येतं, म्हणून वकिलांना दर आठवड्याला एक फोन करा.

आता शपथपत्र. खरं तर हा सगळा लेख याच्यासाठी आहे. त्या दिवशी न्यायाधीशांसमोर साक्षीदार नसतो, उलटतपास नसतो, तुमचं शपथपत्र आणि जोडलेले कागद एवढंच असतं. त्यावरून त्यांना ठरवायचं असतं की या माणसाकडे तपासून बघण्यासारखा वाद आहे का. तुम्ही जिंकणार का हा प्रश्न त्या दिवशी नसतोच.

मला बघायला मिळणाऱ्या शपथपत्रांपैकी बरीचशी अशी असतात: वादीचं म्हणणं खोटं, खोडसाळ आणि बनावट आहे, प्रतिवादी वादीचं काही देणं लागत नाही, सबब बिनशर्त परवानगी मिळावी. याच्यात एकही तारीख नाही, एकही आकडा नाही, हे कुठल्याही दाव्यात चिकटवता येईल. असं शपथपत्र म्हणजे परवानगी नाकारायचं कारण स्वतःच्या हाताने लिहून देणं.

एक उदाहरण घेऊ, आकडे मनाचे आहेत. समजा तुमचा छपाईचा धंदा आहे आणि कागद पुरवणाऱ्याने ९,४०,००० रुपये मुद्दल आणि त्यावर वर्षाला २४ टक्के व्याज असा दावा लावलाय. तुमचं म्हणणं असं की काही रीळ ओले निघाले ते परत केले, काही पैसे दिले ते त्याने जमा धरले नाहीत, आणि २४ टक्के व्याज कधी ठरलंच नव्हतं. हे शपथपत्रात साधारण असं यायला हवं:

"दिनांक १२ जून २०२४ च्या बिलातील मालापैकी १८ रीळ ओले निघाले. मी त्याच दिवशी फोटो काढले व १४ जून रोजी वादीला ई-मेलने कळवले. दिनांक २० जून रोजी हे १८ रीळ परतीच्या चलनाने वादीच्या गोडाऊनवर पोच केले, चलनावर वादीतर्फे सही व शिक्का आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. या मालाची किंमत ३,१०,००० रुपये असून वादीच्या खातेउताऱ्यात तिची वजावट दिसत नाही."

मग पुढचा परिच्छेद बँकेतून गेलेल्या २,५०,००० रुपयांचा, तारीख, यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक), स्टेटमेंटचं पान. मग व्याजाचा, की मालाच्या ऑर्डरमध्ये व्याजाची अट नव्हती, बिलाच्या तळाशी छापलेली ओळ एकतर्फी आहे, मी ती कधी मान्य केली नाही, आणि याआधी उशिरा दिलेल्या एकाही बिलावर वादीने व्याज लावलेलं नाही. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात, पण दोघांचा आधीचा व्यवहार कसा होता हे फार बोलकं असतं.

आता हिशोब बघा. ९,४०,००० मधून ३,१०,००० आणि २,५०,००० वजा केले की ३,८०,००० उरतात. या ३,८०,००० बद्दल तुमच्याकडे काही उत्तर नाही. मग काय करायचं? कायदा असं सांगतो की दाव्यातली जेवढी रक्कम तुम्ही देणं लागता असं कबूल करता तेवढी कोर्टात भरल्याशिवाय परवानगी मिळणार नाही. म्हणून पुष्कळ जण सगळंच नाकारतात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर हे चुकीचं आहे, एक तर शपथेवर खोटं बोलणं हा गुन्हा आहे, आणि दुसरं म्हणजे उरलेल्या ५,६०,००० च्या वादावरचा विश्वास पण त्यामुळे उडतो. जो माणूस स्वतः म्हणतो की साहेब ३,८०,००० मी देणं लागतो आणि ते भरायला तयार आहे, पण ५,६०,००० चा हिशोब तपासा, त्याच्याकडे बघायची नजरच वेगळी असते. मात्र आकडा लिहायच्या आधी तो भरायची सोय आहे का ते बघा, कारण कबुली दिली आणि पैसे भरले नाहीत तर मधला मार्ग नाही.

कागद नसेल तर? एखादा तोंडी व्यवहार, रोख दिलेले पैसे. कागद नाही एवढ्यावरून घाबरू नका. सुप्रीम कोर्टाने १९५८ सालीच संतोषकुमार विरुद्ध भाई मूलसिंग या निकालात म्हटलंय की वाद तपासण्यासारखा आहे असं दिसल्यावर निव्वळ आत्ता कागद दाखवले नाहीत म्हणून अट लादणं बरोबर नाही, पुराव्याची वेळ परवानगीनंतर येते. पण मग कथन तेवढं बारकाईने हवं, कुठे दिले, कोण हजर होतं, ते पैसे तुमच्याकडे कुठून आले, बँकेतून काढले असतील तर कधी काढले.

आणि कोऱ्या चेकबद्दल. दर दुसरा माणूस सांगतो, साहेब मी सिक्युरिटी म्हणून कोरा चेक दिला होता. एवढं म्हणून भागत नाही. सही केलेला अपुरा कागद दुसऱ्याच्या हातात दिला तर तो भरायचा अधिकार त्याला मिळतो असं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम २० सांगतं, आणि कलम ११८ प्रमाणे असा कागद मोबदला घेऊनच दिलाय असं गृहीत धरलं जातं. म्हणून सिक्युरिटीचा चेक म्हणायचं असेल तर कुठल्या व्यवहाराची सिक्युरिटी, तो व्यवहार कधी आणि कसा संपला, चेक परत मागितल्याचा काही मेसेज आहे का, त्याच चेकबुकातले आधीचे नंतरचे चेक कधी वटले, हे सगळं लिहा. चेकबुकाचा क्रम हा भारी पुरावा आहे, २०२४ ची तारीख टाकलेल्या चेकच्या आजूबाजूचे चेक जर २०१९ मध्ये वटलेले असतील तर न्यायाधीश नक्की थांबून बघतात. चेक बाउन्सची कलम १३८ ची फौजदारी केस पण चालू असेल तर दोन्हीकडे एकच म्हणणं ठेवा, तिथे एक आणि इथे दुसरं असं झालं की दोन्ही जातात.

हिशोबाशिवायचे कायद्याचे मुद्दे

हे थोडक्यात सांगतो, पण तुमच्या प्रकरणात यातला एखादा जरी बसला तरी तो शपथपत्रात यायलाच हवा.

मुदत. उधारीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं. मध्ये तुम्ही लेखी कबुली दिली असेल किंवा थोडे पैसे भरले असतील तर मुदत नव्याने चालू होते, म्हणून वादी कुठल्या कागदावर मुदत वाढवतोय ते बघा, आणि ती कबुली जुनी मुदत संपायच्या आत दिलेली होती का ते तपासा.

लवादाचं कलम. करारात वाद लवादाकडे (आर्बिट्रेशनला) जाईल असं असेल तर लवाद कायद्याच्या कलम ८ खालचा अर्ज पहिला द्या, लीव्ह टू डिफेंडमध्ये गुणदोषावर बोलायच्या आधी. आधी सगळा बचाव मांडून मग लवाद आठवला तर वादी म्हणणार की तुम्ही तो हक्क सोडला.

सावकारी. पैसे व्याजाने देणं हाच वादीचा धंदा असेल आणि कर्ज दिलं तेव्हा लायसन नसेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ च्या कलम १३ प्रमाणे कोर्ट त्याला हुकूमनामा देऊ शकत नाही. पण ओळखीत एखाद्या वेळी दिलेले हातउसने म्हणजे सावकारी नव्हे, आणि कर्जाच्या व्याख्येत काही व्यवहार वगळलेले आहेत, उदाहरणार्थ तीन लाखांच्या वरची चेकवर दिलेली उचल, प्रॉमिसरी नोट मात्र वगळलेली नाही. धंदा आहे हे कसं दाखवायचं? ई-कोर्ट्सवर वादीच्या नावाने शोधा, त्याने अजून किती जणांवर असे दावे आणि १३८ च्या केसेस लावल्यात ते दिसतं, ती यादी शपथपत्राला जोडा. माझ्या अनुभवात हा शोध अर्ध्या तासाचा असतो आणि फार कमी लोक करतात.

स्टॅम्प. प्रॉमिसरी नोटवर पुरेसा स्टॅम्प नसेल तर ती पुराव्यात वाचता येत नाही आणि बाकीच्या दस्तांसारखा नंतर दंड भरून हा दोष दुरुस्त पण होत नाही. वादी भागीदारी फर्म असेल आणि फर्म नोंदणीकृत नसेल तर भागीदारी कायद्याचं कलम ६९ आड येतं. व्यापारी व्यवहार असेल आणि रक्कम तीन लाख किंवा वर असेल तर प्रकरण कमर्शियल कोर्टाचं होतं, तिथे तातडीचा अंतरिम आदेश मागितलेला नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात हे स्पष्ट केलंय. मध्यस्थी न करता दावा लावलेला असेल तर तो फेटाळून मागता येतो.

तरी एक सांगतो, फक्त तांत्रिक मुद्द्यांवर उभं राहू नका. मुळात पैशांचं काय झालं ते न सांगता नुसते कायदे सांगणारा प्रतिवादी कोर्टाला पटत नाही.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणी लांबलचक नसते. साहेब नोट किंवा बिल हातात घेतात आणि विचारतात, सही तुमची आहे का, माल किंवा पैसे मिळाले का, मिळाले तर मग काय झालं. या तीन प्रश्नांची उत्तरं शपथपत्रात कुठल्या परिच्छेदात आहेत ते वकिलांना तोंडपाठ हवं. कागदांना पानांचे नंबर टाका, वर एक पानाची तारीखवार यादी लावा, म्हणजे परतीचं चलन शोधायला पाच मिनिटं लागणार नाहीत. शक्यतो स्वतः हजर राहा.

कोर्ट काय काय करू शकतं? १९७६ च्या मेकॅलेक इंजिनिअर्सच्या निकालात सुप्रीम कोर्टाने याची चौकट सांगितली होती, ऑर्डर ३७ मधल्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतरची सुधारित चौकट २०१६ च्या आयडीबीआय ट्रस्टीशिप विरुद्ध हबटाऊन या निकालात आहे, आज सगळीकडे तीच वाचली जाते. भक्कम बचाव दिसला तर बिनशर्त परवानगी. भक्कम नाही पण तपासण्यासारखा, रास्त वाद आहे, तरी सहसा बिनशर्तच. वाद आहे पण प्रतिवादीच्या हेतूबद्दल शंका आहे, तर पैसे भरणं किंवा सिक्युरिटी अशा अटी. बचाव शक्य आहे पण पटण्यासारखा नाही, तर अटी अजून कडक, अगदी पूर्ण मुद्दल आणि व्याज भरायला लावण्यापर्यंत. बचावच नाही किंवा निव्वळ वेळकाढू आहे, तर नकार. आणि २०२२ च्या बी. एल. कश्यप विरुद्ध जेएमएस स्टील्स या निकालात परत एकदा सांगितलंय की परवानगी देणं हा नियम आणि नाकारणं हा अपवाद. हबटाऊन आणि कश्यप हे दोन निकाल वकिलांच्या फाइलमध्ये असायलाच हवेत.

अट लागेल असं वाटत असेल तर आधीच तयारी ठेवा. रोख भरणं शक्य नसेल तर बँक गॅरंटी किंवा दुसरी सिक्युरिटी घ्या अशी पर्यायी विनंती अर्जातच करून ठेवा आणि आर्थिक परिस्थिती शपथेवर सांगा, नुसतं तोंडी म्हणू नका. अट लागली तर मुदत लिहून घ्या, त्या तारखेच्या आत कोर्टाच्या नाझर शाखेत (कोर्टातले पैसे घेणारा विभाग) पैसे भरा, पावती रेकॉर्डवर आणा. तारीख चुकली की वादीला लगेच हुकूमनामा मागता येतो. अट अन्यायकारक वाटली तर मुदत संपायच्या आत हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली जायचं, आणि पैसे भरायला मुदतवाढ पण त्याच वेळी मागायची.

परवानगी मिळाली की पुढे हा दावा साध्या दाव्यासारखा चालतो. कोर्टाने दिलेल्या वेळेत कैफियत द्या, आणि वादीकडून तुमचंच काही येणं निघत असेल तर प्रतिदावा तेव्हा करा.

दिवस हुकले असतील तर

हजेरीला किंवा परवानगीच्या अर्जाला उशीर झाला पण अजून हुकूमनामा झालेला नाही, तर पुरेसं कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो, ऑर्डर ३७ नियम ३ मध्येच तशी सोय आहे. दवाखान्याचे कागद, प्रवासाची तिकिटं, समन्स घरातल्या दुसऱ्या कुणी घेतलं असेल तर त्याचं शपथपत्र, जे खरं असेल ते जोडा, आणि उशीर माफीच्या अर्जासोबत लीव्ह टू डिफेंडचा पूर्ण अर्ज पण त्याच दिवशी द्या.

हुकूमनामा होऊन गेला असेल तर नियम ४ खाली तो रद्द करून मागता येतो, पण इथे शब्द बदलतो, आता नुसतं पुरेसं कारण चालत नाही, विशेष परिस्थिती दाखवावी लागते. आणि सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये रजनी कुमार विरुद्ध सुरेश कुमार मल्होत्रा या निकालात सांगितलंय की का हजर राहू शकलो नाही एवढंच पुरत नाही, परवानगी मिळण्यासारखा बचाव होता हे पण त्याच अर्जात दाखवावं लागतं. म्हणजे शपथपत्र परत तेवढंच बारकाईने. दरखास्त (हुकूमनाम्याप्रमाणे वसुलीची कारवाई) चालू झाली असेल तर तिला स्थगिती पण याच अर्जात मागा. परवानगी नाकारून हुकूमनामा झाला असेल तर अपील, जिल्हा कोर्टात ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस, कमर्शियल कोर्टाचा निकाल असेल तर ६० दिवस.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तालुक्याला पण समिती असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकी बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत. पण अर्ज मंजूर होऊन वकील नेमला जायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुमच्या दहा दिवसांतूनच जातो, म्हणून समन्स मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीच तिथे जा आणि हजेरी स्वतः जाऊन लावून ठेवा, ती वकिलाशिवाय पण लावता येते.